पासफ्रेज बरोबर, तरी डिस्क उघडेना

"भाऊजी, हा डबा माझा पासवर्डच घेत नाहीये हो. वीस वेळा टाकला. काल अपडेट मारलं आणि हे होऊन बसलं."

ऐन रिटर्न भरायच्या हंगामात, सकाळी सव्वासातला वहिनींचा फोन. त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स, आणि अख्खी डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करायच्या व्यवस्थेने, एन्क्रिप्ट केलेली. ते करून देणारा मीच, त्यामुळे बोलणी खायचा पहिला मानही माझाच. स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचायला सांगितलं. "नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज."

हा संदेश ज्यांनी पाहिलाय त्यांना तो पोटातला गोळा माहीत असेल. माझ्याकडे अशी प्रकरणं वर्षातून तीन-चार तरी येतात, आणि माणूस पासफ्रेज (डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) खरोखर विसरलाय असं त्यांत क्वचितच निघतं. म्हणून आधी एक विनंती: अजून काहीही दुरुस्त करू नका. फॉरमॅट नाही, पार्टिशन दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर नाही, "एकदा लक्सफॉरमॅट मारून बघतो" तर अजिबात नाही. चुकीचा पासफ्रेज हजार वेळा टाकला तरी लक्सच्या डिस्कला काही होत नाही, ती स्वतःला पुसून घेत नाही. नुकसान होतं ते नंतरच्या उपायांनी.

(पुढे ज्या आज्ञा येतील त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या.)

हा संदेश नेमकं काय सांगतो ते आधी बघू. तुमचा पासफ्रेज डिस्कवर कुठेच लिहिलेला नसतो. डेटा ज्या किल्लीने कुलूपबंद असतो ती वेगळीच, यंत्राने स्वतः तयार केलेली असते. ती डिस्कच्या सुरुवातीला, हेडरमधल्या कीस्लॉट नावाच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेली असते. तुम्ही पासफ्रेज टाकला की तो आर्गॉन-टू नावाच्या, मुद्दाम जड ठेवलेल्या गणितातून जातो. त्यातून जे निघतं त्याने कप्पा उघडायचा प्रयत्न होतो आणि हाती आलेली किल्ली खरी आहे का ते ताडून पाहिलं जातं. जुळलं तर दार उघडतं, नाही जुळलं तर वरचा संदेश. मेख अशी की तुमचं बोट चुकलं तरी तोच संदेश आणि कप्प्यातली एक बिट बिघडली तरी तोच. सॉफ्टवेअरला या दोन्हींतला फरक कळूच शकत नाही. तो आपण शोधायचा.

मी वहिनींना पहिला प्रश्न विचारला तो असा: "हा पासवर्ड याआधी बूट होताना कधी टाकला होता?"

"रोजच टाकते की."

"रोज टाकता तो लॉगिनचा. झाकण उघडल्यावरचा. मी काळ्या पडद्यावरचा विचारतोय."

बराच वेळ शांतता. मग कळलं की आठ-दहा दिवसांपूर्वी त्यांनी डिस्क्स नावाच्या ॲपमधून पासफ्रेज बदलला होता. त्यानंतर लॅपटॉप एकदाही बंद केला नव्हता, नुसतं झाकण लावायचं आणि उघडायचं. अपडेटने रीस्टार्ट करायला लावलं तेव्हा नवा पासफ्रेज पहिल्यांदा विचारला गेला. म्हणजे अपडेट बिचारं निर्दोष. "अपडेटनंतर झालं" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट हीच असते. बिघाड जुना, उघडकीला येतो रीस्टार्टच्या दिवशी.

आणि नवा पासफ्रेज काय होता? तो फोनवर सांगू नका असं म्हणायच्या आत त्या बोलून गेल्या, "त्यात रुपयाचं चिन्ह घातलंय, कुणाला सुचणार नाही म्हणून."

तिथेच सगळं कळलं.

रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. लिनक्समध्ये "इंग्लिश, इंडिया, विथ रुपी" असा कीबोर्ड लेआउट निवडला की उजवा ऑल्ट दाबून ४ मारल्यावर ते उमटतं. डेस्कटॉपवर वहिनींनी ते तसंच टाकलं होतं. पण बूट होताना, डिस्क उघडण्याच्याही आधी, जी चिमुकली व्यवस्था (इनिटरॅमएफएस) मेमरीत चढते तिच्याकडे तो लेआउट नव्हता. तिथे साधा अमेरिकन कीबोर्ड. त्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबून ₹ च्या तीन बाइट्स कधीच तयार होणार नव्हत्या. वहिनी बरोबर कळा दाबत होत्या आणि डिस्कपर्यंत भलतंच काही पोचत होतं.

उपाय सोपा निघाला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (आतल्या डिस्कला हात न लावता) उबुंटू चालू केलं, लेआउट रुपयावाला निवडला आणि डिस्क्स ॲपमधून तोच पासफ्रेज टाकला. पहिल्या फटक्यात उघडली. मग क्रिप्टसेटअप या लक्स सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या लक्सअ‍ॅडकी या आज्ञेने दुसऱ्या कप्प्यात एक नवा पासफ्रेज घातला, फक्त इंग्रजी छोट्या अक्षरांचा, पण लांबलचक. लक्सच्या जुन्या आवृत्तीत असे ८ कप्पे असतात, दुसऱ्या आवृत्तीत ३२ पर्यंत. म्हणून जुना पुसायची घाई करायची नाही. आधी नवा घालायचा, रीस्टार्ट करून बघायचा, आणि मगच जुना काढायचा.

कीबोर्ड लेआउटचं हे भूत अनेक रूपांत येतं. परदेशातून आलेल्या लॅपटॉपांचं तर ठरलेलंच. माझा मावसभाऊ लेस्टरला असतो, त्याच्याकडचा जुना लॅपटॉप इथे भाच्याच्या हाती आला. ब्रिटिश कीबोर्डवर @ हे चिन्ह एंटरच्या बाजूला असतं आणि शिफ्ट-२ ला दुहेरी अवतरण. बूट होताना लेआउट अमेरिकन असेल तर नेमकं उलटं. भाचा छापलेल्या कळीकडे बघून @ दाबायचा आणि आत जायचं अवतरण चिन्ह. त्याला म्हटलं, कळीवर काय छापलंय ते विसर, शिफ्ट-२ दाब. उघडलं. जर्मनीहून आलेला कीबोर्ड असेल तर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. "यूएस इंटरनॅशनल" निवडलेला असेल तर अवतरण चिन्ह पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं आणि त्याच्याशी जोडलं जातं.

लेआउट कोणता चालू आहे हे उघड्या डोळ्यांनी बघायची एक युक्ती फार थोड्यांना माहीत असते. ग्रबचा (यंत्र चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेन्यू आला की सी ही कळ दाबा, कमांड लाइन येते. तिथे टाकलेलं अक्षर न् अक्षर दिसतं. पासफ्रेज तिथे टाकून पाहा (मागे कोणी उभं नाही ना, ते बघून), एंटर न मारता खोडून टाका आणि बाहेर पडा. चहा सांडून मेलेली कळ, अडकलेला शिफ्ट, चालू राहिलेला कॅप्स लॉक, सगळं तिथे पकडलं जातं. एकाच्या कीबोर्डवर इंग्रजी एन कधी एकदा उमटायचं, कधी दोनदा. त्याने तीन दिवस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष दिला होता. मात्र ग्रब स्वतः अमेरिकन लेआउटच दाखवतं, त्यामुळे इथे बरोबर दिसलं तरी पुढच्या टप्प्यावर लेआउट वेगळा असू शकतो. डेबियन-उबुंटूवर दोन-तीनदा चुकल्यावर पुष्कळदा इनिटरॅमएफएसचा साधा शेल समोर येतो. तिथे टाइप करून बघणं त्याहून नेमकं.

नमलॉकचं तर काय सांगावं. ज्यांचा पासफ्रेज आकड्यांचा आणि हात उजवीकडच्या नंबर पॅडवर बसलेला, त्यांचा नमलॉक बूटच्या वेळी बंद असतो. एकही आकडा आत जात नाही. पडद्यावर तारे दिसत असतील तर मोजा. बारा कळा दाबल्या आणि तारे आठ, तर उत्तर तिथेच आहे.

लेआउट कायमचा दुरुस्त करायचा तर नुसत्या सेटिंग्जमध्ये बदलून भागत नाही, कारण बूटची ती चिमुकली व्यवस्था वेगळी बांधलेली असते. डेबियन आणि उबुंटूवर कीबोर्डची फाइल बदलल्यावर अपडेट-इनिटरॅमएफएस ही आज्ञा चालवावी लागते, फेडोरावर ड्रॅकट. आर्चवाल्यांनी हुक्सच्या ओळीत कीमॅप हा शब्द एन्क्रिप्टच्या आधी आहे का ते बघावं. नंतर असला तर लेआउट येतो, पण पासफ्रेज विचारून झाल्यावर. वरातीमागून घोडं.

आता खास आपल्या लिपीची भानगड. "मराठीत पासफ्रेज ठेवला तर कोणाच्या बापाला कळणार नाही" हा विचार मीही केला होता. बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक म्हण टाकली होती, तिच्यात "दुसऱ्याच्या" हा शब्द. एका यंत्रावर उघडायची, दुसऱ्यावर नाही. पाऊण दिवस गेला. शेवटी दोन्हीकडे तो शब्द साध्या फाइलमध्ये लिहून बाइट्स बघितल्या तेव्हा उलगडलं. ऱ्या मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, डोळ्याला फरक शून्य. पण क्रिप्टसेटअप डोळ्याने वाचत नाही, बाइट्स वाचतो, आणि त्या सारख्या करून घ्यायची तसदी तो घेत नाही. ॲ या अक्षराचंही तेच. एक जोडलेलं तयार अक्षर आहे, आणि एक अ वर चंद्र ठेवून बनवलेलं. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे तर वेगळे आहेतच. कीबोर्ड ॲप बदललं, इनस्क्रिप्टवरून फोनेटिकवर गेलात, की कुठली पद्धत वापरली जाईल याचा भरवसा नाही. मराठीवर प्रेम करावं, पासफ्रेजमध्ये तिला अडकवू नये. म्हण आवडतच असेल तर ती रोमन अक्षरांत लिहा, शब्दांत जागा सोडून. लांबीही मिळते आणि लक्षातही राहते.

अशा अडकलेल्या डिस्कसाठी पद्धत: लाइव्ह पेनड्राइव्हवर टेक्स्ट एडिटर उघडा, पासफ्रेज सगळ्या शक्य तऱ्हांनी लिहा आणि एकेक तऱ्हा क्रिप्टसेटअपच्या ओपन आज्ञेला टेस्ट-पासफ्रेज हा पर्याय लावून तपासा. या पर्यायाने डिस्क जोडली जात नाही, नुसती विचारणा होते. सोबत व्हर्बोज लावलं तर कितव्या कप्प्याने उत्तर दिलं तेही कळतं. एक सापळा इथे आहे. पासफ्रेज फाइलमधून किंवा पाइपमधून देताना शेवटी न दिसणारी नवी ओळ चिकटते. हाताने टाइप करताना एंटरपाशी वाचन थांबतं, पण की-फाइल म्हणून दिलं तर ती नवी ओळही पासफ्रेजचाच भाग धरली जाते. एको ही आज्ञा ती ओळ आपणहून जोडते, प्रिंटएफ जोडत नाही. "स्क्रिप्टमधून उघडते, हाताने नाही" किंवा याच्या उलट तक्रार आली की मी दुसरं काही बघतच नाही.

किती वेळ लागतो तेही बघा. दर कप्प्यामागे साधारण दोन सेकंद लागावेत असा हिशेब ठेवून आर्गॉनचं वजन ठरतं. नकार तेवढा थांबून आला तर पासफ्रेज खरोखर तपासला गेला. पापणी लवायच्या आत आला तर गडबड वेगळी: डिस्कचं नाव चुकलं, किंवा मेमरी पुरली नाही. आर्गॉनला एक जीबीपर्यंत मेमरी लागू शकते. १६ जीबीच्या यंत्रावर एन्क्रिप्ट केलेली डिस्क एक जीबीच्या रास्पबेरी पायला लावली तर ती उघडणार कशी? क्रिप्टसेटअप बाहेर पडताना जो आकडा देतो तोही उपयोगी. २ म्हणजे पासफ्रेज नाकारला, ३ म्हणजे मेमरी अपुरी, ४ म्हणजे डिस्कच चुकीची, ५ म्हणजे ती आधीच कुणीतरी वापरात घेतली आहे.

ज्यांची बूट पार्टिशनही एन्क्रिप्ट केलेली आहे त्यांना पासफ्रेज ग्रबच विचारतं. ग्रब २.०६ ने लक्सची दुसरी आवृत्ती वाचायला सुरुवात केली, पण आर्गॉन नव्हे, फक्त पीबीकेडीएफ-टू हे जुनं गणित. अशा ग्रबवर कप्पा आर्गॉनचा असेल तर अचूक पासफ्रेजही फुकट. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लक्सकन्व्हर्टकी या आज्ञेने तो कप्पा पीबीकेडीएफ-टूवर आणावा लागतो. शिवाय ग्रब साधारणपणे एकच संधी देतं आणि चुकलात की "ग्रब रेस्क्यू" असं रूक्षपणे लिहून गप्प बसतं. तिथे क्रिप्टोमाउंट वजा-ए, मग इन्समॉड नॉर्मल, मग नॉर्मल. गाडी परत रुळावर.

हे सगळं करूनही नकारच येत असेल तर हेडरकडे बघायची वेळ आली.

हेडरची माहिती दाखवणारी लक्सडंप ही आज्ञा चालवा. ती नीट उत्तर देत असेल, कप्पे दाखवत असेल, तर वरचा भाग शाबूत आहे. "हे लक्सचं उपकरणच नाही" असं म्हणाली तर आधी पार्टिशनचं नाव पुन्हा तपासा, मगच घाबरा. दुसऱ्या आवृत्तीत वरच्या माहितीच्या दोन प्रती असतात, प्रत्येकी १६ केबीच्या, एकीला लागून दुसरी. पण कप्प्यांतल्या किल्लीची प्रत एकच, आणि बिघाड ओळखायला तिथे चेकसमही (पडताळणीचा आकडा) नाही. ती किल्ली मुद्दाम ४,००० पट्ट्यांत पसरवलेली असते, म्हणजे ६४ बाइट्सची किल्ली अडीच लाख बाइट्सवर जाते. हेतू चांगला: पुसायचं ठरवलं तर थोडासा भाग पुसूनही काम होतं. पण याचा दुसरा अर्थ असा की त्या अडीच लाखांतला एखादा सेक्टर खराब झाला तरी कप्पा कायमचा गेला. पासफ्रेज अचूक असूनही "नो की अव्हेलेबल".

पहिला कप्पा बहुधा ३२,७६८ व्या बाइटपासून सुरू होतो, लक्सडंप तो आकडा दाखवतं. तिथून हेक्सडंपने (कच्च्या बाइट्स दाखवणाऱ्या आज्ञेने) बघा. सगळी निव्वळ भेळ दिसली पाहिजे. मध्येच शून्यांची रांग दिसली किंवा वाचता येणारे शब्द दिसले तर कोणीतरी त्यावर लिहिलंय.

हा कोणीतरी बहुतेक वेळा विंडोज असतो, किंवा विंडोजने विचारल्यावर "हो" म्हणणारा माणूस. पार्टिशन न पाडता सबंध डिस्कवर लक्स केलेलं असेल तर विंडोजला ती कोरी वाटते आणि "इनिशियलाइझ करू का" असा नम्र प्रश्न येतो. हो म्हटलं की जीपीटीचा, म्हणजे पार्टिशनच्या नोंदींचा, तक्ता लिहिला जातो, पहिल्या ३४ सेक्टरांवर, म्हणजे १७ केबी. आता हिशेब करा: पहिली प्रत ० ते १६ केबी, दुसरी १६ पासून पुढे. पहिली संपूर्ण जाते आणि दुसरीचं तोंड फुटतं. एका दुकानात दिलेल्या डिस्कचं नेमकं हेच झालेलं मी पाहिलंय. दुकानदाराने वर "डिस्क आता दिसायला लागली" म्हणून पैसेही घेतले. कप्पे ३२ केबीच्या पुढे असल्याने ते मात्र वाचले होते, आणि हेडरची प्रत जपून ठेवलेली असल्यामुळे लक्सहेडररिस्टोअरने डिस्क परत आली. प्रत नसती तर हात जोडण्यापलीकडे काही नव्हतं.

ही प्रत घ्यायला एक मिनिट लागतं: लक्सहेडरबॅकअप. १६ एमबीच्या आसपासची फाइल होते. ती त्याच डिस्कवर ठेवू नका (हसू नका, ठेवणारे आहेत). आणि पासफ्रेज कुणाला कळला म्हणून बदलत असाल तर जुन्या प्रतीही नष्ट करा, कारण जुन्या हेडरमध्ये जुना पासफ्रेज चालूच असतो.

यंत्र चालू आहे, डिस्क उघडलेली आहे आणि पासफ्रेज आठवत नाही हे आत्ताच लक्षात आलं, तर ते यंत्र बंद करू नका. वीज जाण्याआधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवा. बाकी खटपटी मग.

खरोखर विसरला असेल तर मागचं दार नाही, कोणी आहे म्हणालं तर पैसे देऊ नका. अर्धवट आठवत असेल तर मात्र आशा आहे. आपल्या सवयीचे शब्द, साल, चिन्हं यांच्या जुळण्यांची यादी बनवा आणि एकाच कप्प्यावर स्क्रिप्टने लावून द्या. दोन सेकंदाला एक धरला तर दिवसाला ४३,२०० होतात. एका मित्राचा तिसऱ्या रात्री सापडला होता. कॅपिटल अक्षर दुसऱ्या शब्दाला होतं, पहिल्याला नव्हे.

व्हेराक्रिप्ट हे वेगळं एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. एक, पासवर्डसोबत पीआयएम नावाचा आकडा कधी दिला होता का आठवा. दिला असेल तर त्याच्याशिवाय अचूक पासवर्डही चुकीचाच ठरतो. दोन, त्याच्या आधीच्या ट्रूक्रिप्टचे जुने डबे १.२६ पासून उघडत नाहीत, त्यासाठी १.२५.९ ही आवृत्ती लागते. हेडर खराब असल्याचा संशय आला तर माउंट ऑप्शन्समध्ये व्हॉल्यूममधलाच राखीव हेडर वापरायची सोय आहे, ती आधी करून बघा.

विंडोजच्या बिटलॉकरची निळी पाटी आली असेल तर तिथे पासवर्ड चालत नाही, ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. बायोस अपडेट केलं किंवा सिक्युअर बूट बदललं की ती मागितली जाते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शोधा, ऑफिसचं यंत्र असेल तर आयटीवाल्यांना विचारा, आणि पाटीवरचा की-आयडी जुळतो ना ते बघा. आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. फोनवरून कोणी की वाचून दाखवत असेल तर कुठल्या गटात चूक झाली ते कॅल्क्युलेटरवर लगेच सापडतं.

वहिनींच्या लॅपटॉपच्या हेडरची प्रत आता माझ्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर आहे. पासफ्रेज त्यांनी नवा ठेवलाय. या वेळी मला सांगितला नाही, आणि दर सोमवारी न विसरता रीस्टार्ट करतात.